एक्केचाळिसाव्या दिवशी माल का दिला नाही: दोन शेडच्या ब्रॉयलर फार्मचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन भावांच्या ब्रॉयलर फार्मचं, म्हणजे मांसासाठी कोंबड्या वाढवणाऱ्या फार्मचं आहे. मी पशुवैद्यक म्हणून तिथे जात असे, आणि पहिली काही वर्षं तरी मरतूक वाढली तेव्हाच बोलावणं यायचं. ओळख पटेल असे सगळे तपशील काढून टाकले आहेत. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत.

फार्मवर दोन शेड होत्या. प्रत्येक शेड १०० फूट लांब, ३० फूट रुंद, लांबी पूर्व-पश्चिम, दोन्ही अंगांना जाळी आणि पडदे, खाली तुसाची गादी. एका शेडमध्ये ३,००० पक्षी, म्हणजे पक्ष्याला एक चौरस फूट जागा. उघड्या शेडसाठी हे गणित योग्यच आहे. शेडच्या मापात आणि जागेत खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

थोरला भाऊ खरेदी-विक्री बघायचा. पिल्लं कुठून घ्यायची, खाद्य कुणाकडून, माल कुणाला आणि कधी, हे सगळं त्याच्याकडे. घरात त्याला दादाच म्हणत, म्हणून इथेही दादाच म्हणतो. धाकटा शेडमध्ये राबायचा. आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको, पहिले दहा दिवस रात्री उठून ब्रूडरखालची, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखालची, पिल्लं बघायची. तिला एक सवय होती, जिच्यावर हे सगळं प्रकरण फिरलं: खाद्याचं पोतं फोडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला एक रेघ, पक्षी मेला की एक टिंब.

एक शेड होती तोवर धंदा नीट चालला. पिल्लांचा लॉट, म्हणजे एकदम सोडलेला गट, यायचा, जायचा, शेड धुऊन निघायची, पंधरा दिवस रिकामी राहायची. दुसरी शेड उभी राहिली तेव्हा दादाने व्यापाऱ्याच्या सोयीने एक निर्णय घेतला: दोन्ही शेडमध्ये एकदम पिल्लं सोडायची नाहीत, मध्ये तीन आठवड्यांचं अंतर ठेवायचं. त्यामुळे व्यापाऱ्याला वरचेवर माल मिळणार होता, आणि त्या भरवशावर तो आगाऊ रक्कम देत होता. खाद्य उधारीवर येत होतं, आणि उधारीची तारीख जवळ आली की पुढची पिल्लं बुक व्हायची. शेड किती दिवस रिकामी ठेवायची हे आता शेड ठरवत नव्हती. देणेकऱ्यांच्या तारखा ठरवत होत्या.

धंदा वाढवताना घेतलेला हा पहिला मोठा निर्णय. तो घेतला तेव्हा कुणाला तो रोगाशी संबंधित वाटला नाही. मलाही नाही.

अडचण

लागोपाठ तीन लॉटमध्ये मरतूक ४ टक्क्यांवरून ७ वर आणि मग ११ टक्क्यांवर गेली. तिसऱ्या लॉटनंतर खाद्याची उधारी फिटली नाही. दादाचं म्हणणं होतं की पिल्लं हलकी येताहेत आणि भाव पडलेला आहे. त्यावर त्याचा उपाय होता तिसरी शेड. खर्च तोच, माल जास्त, म्हणजे किलोमागचा खर्च कमी होईल, असं त्याचं गणित. धाकट्याला वाटत होतं की खाद्यात काहीतरी भेसळ आहे. वहिनी काही बोलली नाही.

मी पहिल्या दोन वेळी शवविच्छेदन केलं, हृदयावर आणि यकृतावर पांढरा साका दिसला, हवेच्या पिशव्या गढूळ दिसल्या, आणि मी अँटिबायोटिक लिहून दिलं. मरतूक चार दिवस उतरली, पुन्हा चढली. तिसऱ्या वेळी एका पक्ष्याच्या मांडीच्या मांसात रक्ताचे ठिपके आणि सुजलेली बर्सा, म्हणजे शेपटीजवळची प्रतिकारशक्तीची ग्रंथी, दिसली. या गंबोरोच्या खुणा, म्हणजे पक्ष्याची प्रतिकारशक्ती मोडणाऱ्या विषाणूच्या रोगाच्या. तेव्हा मी विचारलं, "गंबोरोची लस कधी दिली?" धाकट्याने तारीख सांगितली, बाटलीही दाखवली. लस दिलेली होती.

मग वहिनीला म्हटलं, कॅलेंडर आणा.

कॅलेंडरवरचा हिशेब

तिसरा लॉट एका शेडचा: ३,००० पिल्लं. ४८व्या दिवशी माल गेला. पक्षी उरले २,६७०, सरासरी वजन २.३ किलो, एकूण ६,१४१ किलो. वहिनीच्या रेघा मोजल्या तर ५० किलोची २६८ पोती, म्हणजे १३,४०० किलो खाद्य. भागाकार केला की एफसीआर २.१८ येतो, म्हणजे एक किलो जिवंत वजनासाठी सव्वादोन किलोच्या जवळपास खाद्य. कोंबडीच्या एकूण उत्पादन खर्चात ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा असतो, त्यामुळे या एका आकड्यात अर्ध्याहून अधिक गोष्ट येते.

इथवर सगळेच हिशेब करतात. पण कॅलेंडर रोजचं होतं, म्हणून आम्हाला लॉट मधोमध कापता आला. व्यापारी पहिल्यांदा ४१व्या दिवशी आला होता. सरासरी वजन दोन किलो भरत होतं. भाव पडलेला, म्हणून दादाने माल दिला नाही; आठवडाभर थांबू, भाव चढेल, शिवाय वजनही वाढेल, असा विचार. मी बसल्या जागी ४१व्या दिवसाचा हिशेब काढला. त्या दिवशी जिवंत पक्षी २,७६०, वजन ५,५२० किलो, तोवर खाद्य २०६ पोती. एफसीआर १.८७. मरतूक ८ टक्के. हाही लॉट चांगला नव्हता, पण बुडवणारा नव्हता.

पुढच्या सात दिवसांत ६२ पोती गेली, म्हणजे ३,१०० किलो खाद्य. त्या बदल्यात शेडमधलं एकूण वजन वाढलं ते फक्त ६२१ किलो, कारण पक्षी वाढत होते तसे मरतही होते. त्या आठवड्याच्या उन्हात ९० तयार पक्षी गेले. वाढीव एका किलोला पाच किलो खाद्य पडलं.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पिल्लू लहान असताना खाल्लेल्या खाद्याचा मोठा भाग मांसात जातो. शरीर जसं मोठं होतं तसं ते शरीर नुसतं चालू ठेवण्यातच रोजचं खाद्य खर्च होऊ लागतं, आणि उरलेल्यातून मांसापेक्षा चरबी जास्त धरते. त्यातून उन्हाळा असेल तर पक्षी धापा टाकण्यात ताकद घालवतो. म्हणून पूर्ण लॉटचा सरासरी एफसीआर हळूहळू बिघडताना दिसतो, पण शेवटच्या दिवसांचा वेगळा काढला तर तो कोसळलेला असतो. सरासरीच्या आड तो लपतो.

दादाने विचारलं, "भाव किती चढला असता म्हणजे थांबणं फिटलं असतं?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याला उत्तर होतं. जिवंत कोंबडीचा किलोचा भाव खाद्याच्या किलोच्या दुप्पट धरला, तर या आकड्यांवर भाव १५ टक्के चढायला हवा होता, तेव्हा कुठे ४१व्या दिवशी विकल्याइतकेच पैसे हातात आले असते. प्रत्यक्षात तो ६ टक्क्यांच्या आसपास चढला होता. शेड आठवडाभर अडकून पडली ते वेगळंच.

यानंतर घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दादा उठून मागच्या दोन लॉटची कॅलेंडरची पानं शोधायला गेला. त्या दोन्ही वेळाही तो थांबला होता.

शेडमध्ये काय सापडलं

४१व्या दिवसाआधीचं नुकसान शेडमधलं होतं. एकेक करून बघितलं.

आधी लस. टाकीत रोज ब्लिचिंग पावडर पडत होती, जी चांगली गोष्ट आहे. पण गंबोरोची लस त्याच पाण्यातून दिली गेली होती. ती जिवंत विषाणूची लस. क्लोरिनच्या पाण्यात ती काही मिनिटांत निकामी होते. नोंदीत लस दिलेली, पक्ष्याच्या शरीरात पोहोचलेली नाही. लसीआधी किमान एक दिवस क्लोरिन थांबवायचं, पक्ष्यांना तास-दीड तास तहान लागू द्यायची, पाण्यात आधी स्किम मिल्क पावडर मिसळायची आणि दोन तासांच्या आत सगळं पाणी संपेल इतकंच द्यायचं, हे बाटलीवरच्या बारीक अक्षरांत असतं. आम्ही ते कधी तोंडाने सांगितलं नव्हतं.

मग पडदे. ते खालून वर गुंडाळले जायचे. थोडा उघडला की थंड वारा थेट पिल्लांच्या अंगावर, म्हणून धाकटा रात्री ते पूर्ण बंद करायचा. त्याचं चुकत नव्हतं, पडद्याची बांधणी चुकत होती. पडदा खाली घट्ट आणि वरून उघडणारा हवा, म्हणजे ताजी हवा पक्ष्यांच्या डोक्यावरून फिरते आणि अमोनिया बाहेर जातो. मी पहाटे पाच वाजता शेडमध्ये गेलो तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. धाकट्याला वास येत नव्हता. रोज त्यात वावरणाऱ्याचं नाक सवयीने बधिर होतं. युरोपीय संघाच्या २००७च्या निर्देशात दाट संख्येने पक्षी ठेवायचे असतील तर अमोनिया २० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २० भागांच्या, वर जाऊ द्यायचा नाही अशी अट आहे. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, पण पक्ष्यांच्या उंचीवर बसल्यावर डोळे झोंबत असतील तर मोजायला थांबायची गरज नसते. अमोनियाने श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं आणि मग ई. कोलायसारखे जिवाणू आत शिरतात. मी ज्याच्यावर औषध देत होतो तो पांढरा साका तिथून येत होता.

पाण्याच्या भांड्यांभोवतीची गादी ओली, ढेकळं झालेली. मुठीत घेऊन दाबली तर गोळा होत होता. तो हात सोडल्यावर फुटायला हवा.

ब्रूडिंगवर मी वहिनीशी बोललो. पिल्लं आली की ब्रूडर लावायचे, असा नेम होता. म्हणजे पिल्लू थंड तुसावर उतरत होतं. पहिल्या दिवसांत पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही. त्याच्या उंचीवर ३२ ते ३३ अंश लागतात, आणि गादी ते येण्याआधीच २८ ते ३० अंशांवर तापलेली असावी लागते. पाय थंड पडलेलं पिल्लू घोळका करून बसतं, खाद्याकडे जात नाही. सातव्या दिवशीचं सरासरी वजन १३० ग्रॅम निघालं. आलेलं पिल्लू ४२ ग्रॅमचं होतं, म्हणजे तिप्पट. ते चौपटीच्या वर असायला हवं. पहिल्या आठवड्यात मागे पडलेला लॉट सहसा पुढे भरून निघत नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी दोन वयांचे पक्षी. एका शेडमध्ये पाच आठवड्यांचे, शेजारच्या शेडमध्ये दोन आठवड्यांचे, मध्ये एकच माणूस, एकच जोडी बूट. मोठे पक्षी लहानांना रोग देत राहतात आणि फार्म कधीच पूर्ण रिकामा होत नाही. दोन लॉटमधलं अंतर चार-पाच दिवसांवर आलं होतं. गंबोरोचा विषाणू चिवट असतो, शेडमध्ये महिनोन् महिने टिकतो. नीट धुणं, निर्जंतुकीकरण आणि रिकामा वेळ याशिवाय त्याची साखळी तुटत नाही. व्यापाऱ्याच्या सोयीसाठी घेतलेला तीन आठवड्यांच्या अंतराचा निर्णय असा रोगाशी येऊन भिडला होता.

समोर असलेले पर्याय

तिसरी शेड. दादाचा मूळ बेत. किलोमागे तोटा होत असताना किलो वाढवले तर तोटा वाढतो, हे कॅलेंडरनंतर सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच तो कागद बाजूला ठेवला.

बंदिस्त ईसी शेड, म्हणजे आतली हवा आणि तापमान यंत्रांनी राखणारी. एका टोकाला पंखे, दुसऱ्या टोकाला पाण्याचे पॅड. त्यांच्या उघड्या शेडमध्ये चौरस मीटरला जेमतेम २२ किलो जिवंत वजन बसत होतं. युरोपच्या त्याच निर्देशात ३३ किलो ही मूळ मर्यादा आहे आणि जास्त कडक अटी पाळल्या तर ३९, नंतर ४२ पर्यंत जाता येतं. त्याच जमिनीवर दीडपट-दुप्पट माल, एफसीआरही चांगला. पण इतक्या दाटीत सगळा भार विजेवर येतो. भर उन्हाळ्यात पंखे थांबले आणि जनरेटर चालू झाला नाही तर तयार लॉट अर्ध्या तासातही जाऊ शकतो. कर्ज मोठं. ज्या घरात पडदा वरून उघडायचा की खालून हे अजून ठरायचं होतं, तिथे मी या पर्यायाला स्पष्ट नकार दिला.

स्वतः कापून विकणं. जिवंत वजनाच्या साधारण ७० ते ७५ टक्के स्वच्छ केलेला माल निघतो, व्यापाऱ्याचा वाटा वाचतो. पण माल सतत थंड ठेवण्याची सोय, सांडपाणी, परवाने, रोज ठरलेला माल हा पूर्ण वेगळा धंदा आहे. वहिनीला तो मनातून करायचा होता. तिच्या हातात तो चालला असता असं मला आजही वाटतं, पण उधारी डोक्यावर असताना नव्हे.

राहिले दोन. स्वतंत्र राहून फार्म सुधारायचा, किंवा कंपनीशी करार करायचा.

करार पद्धत कशी आली ते इथे थोडं सांगायला हवं, कारण दादाला ती गुलामी वाटत होती. व्यापारी पातळीवरच्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात सहसा १९२३ पासून सांगितली जाते: अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सेसिल स्टील या बाईंनी ५० पिल्लं मागवली, चुकून ५०० आली, आणि त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली. पुढे जॉर्जियात जेसी ज्यूएल या खाद्य विक्रेत्याने शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य उधारीवर द्यायला आणि तयार माल परत घ्यायला सुरुवात केली. करार शेती त्या उधारीतून वाढली. म्हणजे आपल्या दादाची खाद्याची उधारी आणि व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम हाही एक करारच होता, फक्त तो कागदावर नव्हता आणि त्यात भावाची सगळी जोखीम त्याची होती. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला.

कागदावरच्या करारात कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं आणि देखरेख देते. शेतकऱ्याची शेड, मजुरी, वीज, पाणी, तूस. माल कंपनीचा, भाव कंपनीचा. शेतकऱ्याला किलोमागे वाढवणावळ मिळते. उत्पादन खर्च ठरलेल्या मापापेक्षा कमी आला तर वर बक्षीस, जास्त आला तर कपात. भाव चढला तरी शेतकऱ्याला त्याचा मोठा वाटा नाही. भाव पडला तरी त्याचं घर बुडत नाही.

धाकटा करारासाठी तयार होता. दादा नव्हता. शेवटी निकाल उधारीने लावला: स्वतंत्र राहायचं तर पुढच्या लॉटचं खाद्य रोखीने आणायला पैसे नव्हते, आणि उधारीवर आणायचं तर पुन्हा तारखांचा फास. एक वर्षाचा करार करायचा ठरलं, त्यात साधारण सहा लॉट बसतील असा अंदाज. अट दादाचीच: वहिनीचं कॅलेंडर चालू राहील, कंपनीच्या वहीव्यतिरिक्त.

काय केलं

दुसऱ्या शेडमधला माल निघाला आणि तीन आठवडे दोन्ही शेड पूर्ण रिकाम्या ठेवल्या. जुनी गादी फार्मच्या बाहेर. धुणं, चुना, निर्जंतुकीकरण. त्या रिकाम्या दिवसांत घरातले सगळे अस्वस्थ होते, मी रोज फोन घेत होतो. पडदे उलटे बांधले. वरच्या टाकीवर सावली केली, कारण दुपारी तिच्यातून निघणारं पाणी इतकं गरम असायचं की पक्षी ते पीत नसत, आणि पाणी थांबलं की खाणंही थांबतं. गळणारी भांडी काढून निपल लावले, म्हणजे चोच लागली की थेंब देणाऱ्या तोट्या. प्रत्येक शेडच्या दाराशी वेगळे बूट.

करारावर सही करण्याआधी आम्ही चार गोष्टी मागितल्या. माल उचलताना वजन आमच्या समोर, तपासलेल्या काट्यावर. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या दोषाने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मरतूक झाली तर ती शेतकऱ्याच्या हिशेबात नको. माल तयार झाल्यावर उचलायला उशीर झाला तर त्या दिवसांचं खाद्य एफसीआरमध्ये धरायचं नाही. आणि वर्षाला किमान किती लॉट देणार ते लिहून द्यायचं. पहिल्या दोन मिळाल्या. शेवटच्या दोन नाही मिळाल्या. तिसऱ्या मागणीवर आम्ही अजून एक बैठक घ्यायला हवी होती. रिकाम्या शेडच्या घाईत सही झाली.

पिल्लं दोन्ही शेडमध्ये एकाच दिवशी उतरली. ब्रूडर आदल्या दिवसापासून चालू. रात्री वहिनीने वीस-पंचवीस पिल्लांच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपून बघितली: मऊ आणि भरलेली म्हणजे खाणं-पाणी दोन्ही झालं, कडक म्हणजे पाणी मिळालं नाही, रिकामी म्हणजे दोन्ही नाही. पहिल्या लॉटला बरीच कडक लागली. पाण्याची ओळ पिल्लांना उंच पडत होती. दुसऱ्या लॉटपासून ते सुटलं, आणि सातव्या दिवशीचं वजन १७५ ग्रॅम आलं.

निकाल

पहिला लॉट मध्यम गेला, मरतूक ६ टक्के, एफसीआर १.८२.

दुसऱ्या लॉटमध्ये एका शेडच्या ३,००० पैकी २,८८० पक्षी ४०व्या दिवशी सरासरी २.१ किलोने गेले. ६,०४८ किलो, खाद्य २०४ पोती, एफसीआर १.६९. हा आकडा त्या बुडालेल्या लॉटशेजारी ठेवून बघा: वजन जवळजवळ तेवढंच, आठ दिवस आधी, ६४ पोती कमी. ईपीईएफ, म्हणजे लॉटची एकूण कामगिरी दाखवणारा आकडा, काढला: जगलेल्यांचे टक्के गुणिले वजन, भागिले दिवस आणि एफसीआर, गुणिले १००. तो १९६ वरून २९८ वर आला होता.

तिसरा लॉट उन्हाळ्यात सापडला आणि मरतूक ९ टक्के झाली. संख्या कमी करायला हवी होती. उन्हात पक्ष्याला एक चौरस फूट जागा पुरत नाही. आम्ही सुचवलं, पण पिल्लं पूर्ण संख्येने आली. दुपारी पाच-सहा तास खाद्य काढून घेणं, पहाटे आणि रात्री देणं, फॉगर (पाण्याचा बारीक फवारा मारणारे) आणि पंखे एकत्र चालवणं, एवढंच हातात होतं. नुसते फॉगर चालवले तर दमट हवा साचते आणि पक्षी जास्त लवकर जातो, हे धाकटा त्या उन्हाळ्यात शिकला, आणि त्याची किंमत मोजून शिकला.

चौथ्या लॉटला न मिळालेली मागणी नडली. माल ३९व्या दिवशी तयार, गाड्या ४५व्या दिवशी आल्या. एफसीआर १.८६ वर गेला आणि बक्षीस गेलं. दादा संतापला, आणि त्याचा संताप रास्त होता: तो स्वतः थांबला तेव्हा नुकसान त्याच्या निर्णयाचं होतं, आता दुसऱ्याच्या निर्णयाचं नुकसान त्याच्या खात्यावर पडत होतं. त्याने वहिनीच्या कॅलेंडरवरून उशिराच्या सहा दिवसांची पोती वेगळी काढून कंपनीकडे लेखी दिली. पूर्ण नाही, पण काही भाग मान्य झाला. रोजची नोंद नसती तर तेवढंही झालं नसतं.

पाचवा आणि सहावा लॉट ४ ते साडेचार टक्के मरतूक आणि १.७ च्या आसपास एफसीआरवर गेले. अँटिबायोटिकचा वापर शेवटच्या दोन लॉटमध्ये एकदाच झाला, तोही प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर आणि माल उचलण्याआधी औषधाचा ठरलेला काळ सोडून. खाद्याची जुनी उधारी वर्षअखेरीस फिटली. त्या वर्षात एकदा बाजारभाव खूप चढला होता आणि दादाने तो रोज वर्तमानपत्रात बघितला. स्वतंत्र असते तर तो लॉट त्यांना चांगला गेला असता. हे खरं आहे आणि मी ते त्याच्यापासून लपवलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात माझ्यापासून. दोन लॉट मी औषध लिहून दिलं आणि नोंदी मागितल्या नाहीत. पहिल्याच भेटीत कॅलेंडर बघितलं असतं, लस कशी दिली असं विचारलं असतं, पहाटे शेडमध्ये जाऊन उभा राहिलो असतो, तर एक लॉट वाचला असता. मी दुपारी जात होतो, पडदे उघडे असताना. आता कुठल्याही नव्या फार्मवर पहिली भेट सूर्योदयाआधी ठेवतो.

थांबण्याचा निर्णय पूर्ण चुकीचाच असतो असं नाही. भाव पडलेला असताना सगळा माल देणं किंवा सगळा ठेवणं, याशिवाय तिसरा रस्ता होता, जो आम्ही कुणीच मांडला नाही: ३२-३३ दिवसांनी एक तृतीयांश पक्षी हलक्या वजनाला विकायचे. उरलेल्यांना जागा आणि हवा जास्त मिळते, उन्हात मरतूक कमी होते, आणि भावाची पूर्ण जोखीम एका दिवसावर येत नाही. गाड्या आणि पकडणारी माणसं दोनदा फार्मवर आल्याने रोग आत येण्याचा धोका वाढतो, हे खरं; पण त्या उन्हाळ्यात मी तो पत्करला असता.

व्यापाऱ्याशी बोलता आलं असतं का? मला वाटतं, हो. त्याला दर तीन आठवड्यांनी माल हवा होता. ती गरज दोन फार्म मिळून भागवू शकले असते, प्रत्येक फार्म आपापल्या जागी एकाच वयाचे पक्षी ठेवून. शेजारी आणखी एक ओळखीचा फार्म होता. दादाने त्याला तेव्हा प्रतिस्पर्धी मानलं, आणि आम्हीही तो विषय काढला नाही.

करारात उशिराची अट सोडायला नको होती. एक महिना शेड रिकामी राहिली असती तरी चाललं असतं, असं मी आज म्हणू शकतो. त्या दिवशी घरात बसून, उधारीची चिठ्ठी समोर असताना, ते म्हणणं सोपं नव्हतं.

वर्ष संपलं तेव्हा कुटुंबाकडे पहिल्यांदा स्वतःच्या बाजूचा किलोमागचा खर्च होता: मजुरी, वीज, तूस, दुरुस्ती, सगळं धरून. करार आणखी एक वर्ष वाढवला आहे, या वेळी उशिराचे तीन दिवस सोडून पुढचं खाद्य कंपनीच्या खात्यावर, असं लिहून घेऊन. दादाने तिसऱ्या शेडचा कागद पुन्हा काढला. नवी शेड जुन्या दोघींपासून लांब, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून आखली आहे, दार वेगळं, पाण्याची टाकी वेगळी. वहिनीने कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे की उन्हाळ्याच्या लॉटची मरतूक ५ टक्क्यांच्या आत आली तरच. पुढचा उन्हाळ्याचा लॉट निघाला की सगळ्यांनी पुन्हा बसायचं ठरलं आहे.